नातीची डोकेदुखी, भाच्याची सुई

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिला अर्धशिशी आहे. डोळे तपासून झाले, बालमेंदूतज्ज्ञांना दाखवून झालं. दुसरा काही आजार नाही. माझ्या आईकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून तिच्याकडे आलेली ही चिवट डोकेदुखी आहे. दुखायला लागलं की ती पडदे ओढून पडून राहते, उलटी झाली की जरा उतार पडतो, आणि दुसऱ्या दिवशीची शाळा बुडते. डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळीचा विषय काढला आहे. सावकाश ठरवा, असंही सांगितलं आहे.

आमच्या घरात यावर अधिकाराने बोलू शकतील अशी दोन माणसं आहेत. एक माझ्या सासूबाई. सोलापुरात त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढलं. दुसरा त्यांचा भाचा, माझ्या नवऱ्याचा मामेभाऊ. फिजिओथेरपीची पदवी घेऊन तो पुढे ॲक्युपंक्चर शिकला आणि आता पुण्यात दवाखाना चालवतो. दोघांचं एकमेकांवर अतिशय प्रेम आहे आणि या विषयावर अजिबात पटत नाही. दिवाळीत दोघं आमच्याकडे होती, तेव्हा मी सरळ विचारलं, हिला सुया टोचून घ्याव्यात का? त्यानंतर जे बोलणं झालं ते शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत देते आहे. बोलताना त्यांनी जे आकडे सांगितले, ते मी नंतर मूळ अभ्यासांशी ताडून पाहिले.

आत्या: तिच्याआधी तुझ्या दवाखान्याच्या पाटीबद्दल बोलू. पाठदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी इथवर ठीक. त्याखाली दमा, लकवा, वंध्यत्व, मुलांचं अंथरूण ओलं करणं, स्वमग्नता. एवढ्या सगळ्यांवर एकच इलाज असतो का रे कधी?

भाचा: पाटी मोठी आहे, मान्य. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण दुखण्याचेच असतात. आपण दुखण्यापासून सुरुवात करू या?

आत्या: करू या. माझं सगळं आयुष्य दुसऱ्याचं दुखणं थांबवण्यात गेलं. आणि सुयांची गोष्ट मी तुझ्या जन्माआधीपासून ऐकते आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात होते तेव्हा, जुलै १९७१ मध्ये, जेम्स रेस्टन या अमेरिकी पत्रकाराचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आमच्या वसतिगृहात चर्चा अशी की चिनी डॉक्टरांनी नुसत्या सुया टोचून पोट उघडलं. प्रत्यक्षात ऑपरेशनसाठी नेहमीचं बधिर करणारं इंजेक्शन दिलं होतं. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून त्रास होत होता म्हणून. रेस्टन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये तसंच लिहिलं होतं. लोकांनी त्यातून भलतंच वाचलं.

भाचा: आणि सुयांनंतर तासाभरात आराम पडला, हेही त्यांनी लिहिलं होतं.

आत्या: पडला असेल. ऑपरेशननंतर अडलेला वारा एक-दोन दिवसांत सुया न टोचताही मोकळा होतो. पुढे २००६ मध्ये बीबीसीने एक कार्यक्रम दाखवला. चीनमधली एक तरुणी, छाती उघडलेली, हृदयाची शस्त्रक्रिया चाललेली, आणि सांगितलं काय, तर भुलीऐवजी सुया. तिला मिडॅझोलम, ड्रॉपेरिडॉल आणि फेंटॅनिल दिलेलं होतं. छातीवर बधिर करणारी इंजेक्शनंही होती. ही औषधं मी रोज हाताळली आहेत. त्यांचं श्रेय सुईला दिलेलं मला सहन होत नाही.

भाचा: सुईने भुलीची जागा घ्यावी असं आज माझ्या ओळखीचा कुणीही शिकलेला उपचारक म्हणत नाही. पण भूल उतरताना होणारी मळमळ आणि उलट्या हा तर तुझ्याच खोलीतला विषय. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून रुग्णाच्याच तीन बोटांवर, दोन कंडरांच्या मधे त्यावरचा बिंदू आहे. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात त्यावर ५९ चाचण्या एकत्र केल्या आहेत, साडेसात हजारांहून जास्त रुग्ण, त्यांत मुलंही. खोट्या उपचारापेक्षा मळमळ कमी, उलट्या कमी. उलटी थांबवणाऱ्या औषधांच्या तुलनेत फारसा फरक नाही.

आत्या: तो आढावा मी वाचला आहे. चाचण्यांचा दर्जा फार चांगला नाही, हे त्यांनीच नोंदवलं आहे. तरी तेवढं मी मान्य करते. तिथे सुईही लागत नाही, दाबूनही चालतं. मी स्वतः रिकव्हरीत दाबून पाहिलं आहे.

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं सुनेला एका अक्षराने न सांगता सासूबाई रुग्णांची मनगटं दाबत होत्या. भाचाही चकित झाला. पण त्याचा आनंद फार टिकला नाही.

आत्या: आता कंबरदुखी घे. तुझ्या निम्म्या गाद्यांवर तेच रुग्ण असतील. जर्मनीत सरकारी विमा कंपन्यांना ठरवायचं होतं की सुयांचे पैसे द्यायचे की नाही. त्यातून मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये निकाल छापून आला. ११६२ रुग्ण. एका गटाला चिनी पद्धतीप्रमाणे योग्य जागी सुया. दुसऱ्याला मुद्दाम भलत्या जागी, वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला औषधं, फिजिओथेरपी आणि व्यायाम. सहा महिन्यांनी बरं वाटणारे किती? खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के. भलत्या जागी टोचलेल्यांत ४४.२ टक्के.

भाचा: आणि औषधं-व्यायामाच्या गटात २७.४ टक्के. तो आकडा तू गाळलास, आत्या.

आत्या: गाळला नाही, तू सांगशील हे माहीत होतं.

भाचा: मग सांगतो. वर्षानुवर्षं कंबर धरून बसलेल्या माणसाला पहिल्या दोन गटांतल्या बारीक फरकाशी काय देणंघेणं? त्याच्यासमोर पर्याय दोन आहेत, गोळ्या किंवा सुया. आणि सुयांनी जवळजवळ दुप्पट लोकांना बरं वाटलं.

आत्या: पण मग तू जे शिकलास त्याचं काय? ३६१ बिंदू, चौदा वाहिन्या, नाडी पाहणं, जीभ पाहणं. भलत्या जागी टोचूनही तेवढंच बरं वाटत असेल, तर योग्य जागा शिकण्यात तुझी वर्षं कशाला गेली? २००९ मध्ये अमेरिकेत याहून पुढे गेले. कंबरदुखीच्या ६३८ रुग्णांमधल्या एका गटाला सुयाच टोचल्या नाहीत. नळीतून लाकडी टूथपिक कातडीला टेकवली आणि फिरवली. रुग्ण पालथे झोपलेले, त्यांना कळलं नाही. खऱ्या सुयांइतकाच गुण आला.

भाचा: माझी बाजू पूर्ण मांडू दे. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांमधल्या वीस हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी एकेक करून पुन्हा तपासल्या गेल्या. पाठ, मान, खांदा, गुडघा, डोकेदुखी. खरी सुई खोट्या सुईपेक्षा सरस निघाली. फरक लहान आहे, पण योगायोगाने पडलेला नाही. आणि वर्षभराने पाहिलं तरी बराचसा फायदा टिकून होता. वाहिन्यांबद्दल मी तुझ्याशी भांडणार नाही. शरीर फाडून त्या कुणाला दिसलेल्या नाहीत. मी रुग्णाला नस, स्नायू आणि मेंदू याच शब्दांत सांगतो.

आत्या: तसं सांगतोस हे चांगलं करतोस.

भाचा: शरीरात काहीतरी घडतं, याला पुरावा आहे. १९७७ मध्ये दाताच्या वेदनेवर प्रयोग झाला. सुयांनी वेदना कमी झाली, आणि नॅलोक्झोन टोचल्यावर तो परिणाम पुसला गेला. नॅलोक्झोन म्हणजे तुझं मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध. म्हणजे शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं त्यात भाग घेत होती. २०२१ मध्ये नेचर नियतकालिकात उंदरांवरचं काम आलं. गुडघ्याखालच्या एका विशिष्ट जागी सौम्य वीज दिली की मज्जातंतूंच्या एका ठरावीक वाटेने सूज आणणारी प्रक्रिया मंदावते. पोटावर तीच वीज दिली तर तसं होत नाही. जागेला अर्थ आहे, आत्या, निदान उंदरात.

आत्या: उंदरात, आणि विजेने. माझी नात उंदीर नाही. आणि नॅलोक्झोनचं पूर्ण सांग. नुसत्या खोट्या गोळीने कमी झालेली वेदनासुद्धा नॅलोक्झोनने परत येते, हेही त्याच काळात दिसलं आहे. आशेनेसुद्धा ती द्रव्यं सुटतात.

इथे तो थोडा थांबला. मग त्याने जो अभ्यास सांगितला, तो त्या संध्याकाळच्या साऱ्या बोलण्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

भाचा: आशेचंच बोलायचं तर हार्वर्डच्या टेड कॅप्टचक यांचं २००८ चं काम घे. पोटाच्या जुनाट दुखण्याचे, आयबीएसचे २६२ रुग्ण. एक गट नुसता प्रतीक्षायादीत. दुसऱ्या गटाला खोट्या सुया, आत सरकणाऱ्या. टोचल्यासारखं वाटतं, टोचत काहीच नाही. आणि उपचारक कामापुरतं बोलणारा. तिसऱ्या गटाला त्याच खोट्या सुया, पण उपचारक जवळ बसून नीट विचारपूस करणारा, ऐकून घेणारा, धीर देणारा. पुरेसा आराम पडला असं सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के, तिसऱ्यात ६२ टक्के.

आत्या: म्हणजे हातगुण मोजला त्यांनी.

भाचा: हो. आणि तो माझ्याकडे मिळतो. पाऊण तास मिळतो. तुमच्या बाह्यरुग्ण विभागात तीन मिनिटं मिळाली तरी लोक नशीब समजतात.

आत्या: मग सुई वगळून पाऊण तास दे.

भाचा: देईन. पण सुई नसेल तर पाऊण तास शांत पडून राहायला येईल कोण? माणसाला दुखत असताना कुणीतरी आपल्या शरीराला हात लावून काहीतरी करावंसं वाटतं. तू भूल देण्याआधी रुग्णाचा हात हातात घ्यायचीस, ते कुठल्या पाठ्यपुस्तकात होतं?

सासूबाईंनी यावर उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर, प्रौढ माणसाच्या जुनाट दुखण्याबाबत इथे भाच्याचा मुद्दा पटण्यासारखा आहे. स्वतःचे पैसे, स्वतःची कातडी, स्वतःचा निर्णय. आणि बदल्यात मिळणारा आराम खरा. तो बिंदूमुळे मिळाला की जवळ बसून ऐकणाऱ्या माणसामुळे, हा शास्त्राच्या दृष्टीने मोठा प्रश्न आहे, पण त्या माणसाने त्यासाठी कण्हत थांबण्याची गरज नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या शासकीय संस्थेचाही याबाबत एकच सूर राहिलेला नाही. २०१६ मध्ये तिने कंबरदुखीसाठी सुया देऊ नका असं सांगितलं, आणि २०२१ मध्ये दुसरं कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी सुयांच्या एका मर्यादित मालिकेचा विचार करायला हरकत नाही असं सांगितलं. इतका पुरावा असूनही जाणती माणसं अशी मागेपुढे होत असतील, तर रुग्णाला आपल्यापुरतं ठरवण्याची मोकळीक असावी.

पण मी विचारलं होतं मुलीबद्दल. तिथे गोष्ट वेगळी होत गेली.

भाचा: वहिनी, अर्धशिशीचे आकडे मोठ्या माणसांसाठी चांगले आहेत. २०१६ चा कॉक्रेन आढावा, २२ चाचण्या, जवळजवळ पाच हजार रुग्ण. नुसती दुखेल तेव्हा गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरात १७ जणांचे झटके निम्म्यावर आले. सोबत सुया घेणाऱ्यांत ४१ जणांचे. खोट्या सुयांशी तुलना केली तर खोट्या सुयावाले ४१, खऱ्या सुयावाले ५०. आणि रोजच्या प्रतिबंधक गोळीशी तुलना केली तर तीन महिन्यांनी गोळीवाले ४६, सुयावाले ५७.

आत्या: मोठ्या माणसांसाठी. अकरा वर्षांच्या मुलीसाठी काय?

भाचा: मुलांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. त्यांवरून छातीठोक काही सांगता येणार नाही. पण तू तिला जी गोळी द्यायची म्हणतेस, तिचं सांगू?

आत्या: सांग.

भाचा: २०१७, न्यू इंग्लंड जर्नल. आठ ते सतरा वयाची अर्धशिशी असलेली ३६१ मुलं. काहींना ॲमिट्रिप्टिलिन, काहींना टोपिरामेट, काहींना साखरेसारखी निष्क्रिय गोळी. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले ते ॲमिट्रिप्टिलिनच्या ५२ टक्के मुलांचे, टोपिरामेटच्या ५५ टक्के मुलांचे, आणि निष्क्रिय गोळीच्या ६१ टक्के मुलांचे. पुढे चालवण्यात अर्थ नाही म्हणून चाचणी मुदतीआधी थांबवली. औषध घेणाऱ्या मुलांना थकवा, कोरडं तोंड, हातापायांना मुंग्या हे त्रास मात्र जास्त झाले. आता मला सांग, माझी सुई आणि तुमची गोळी यांत कुणी कुणाला हसायचं?

आत्या: कुणीच हसू नये. ती चाचणी मला ठाऊक आहे आणि ती वाचून मी अस्वस्थ झाले होते. पण त्यातून तू जो निष्कर्ष काढतोस तो मला मान्य नाही. दहातली सहा मुलं निष्क्रिय गोळीवर सुधारली, याचा अर्थ मुलांमध्ये सुधारण्याची केवढी ताकद आहे! तिला गोळी नको असेल तर सुईही नको. त्या ताकदीला वाट करून द्या. पुरेशी झोप, वेळेवर खाणं, सकाळी उपाशी शाळेत न जाणं, पाणी, डोकेदुखीची वही. आणि विचार-वर्तन उपचार, म्हणजे वेदना आली की तिच्याशी कसं वागायचं हे शिकवणारा समुपदेशक. त्याला पुरावा आहे. २०१३ ची चाचणी आहे, १३५ मुलं. सगळ्यांना तीच ॲमिट्रिप्टिलिन. निम्म्यांना सोबत हे प्रशिक्षण, बाकीच्यांना नुसती माहिती. पाच महिन्यांनी प्रशिक्षणवाल्यांत ६६ टक्के मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले, दुसऱ्या गटात ३६ टक्के मुलांचे.

भाचा: त्याला माझा विरोध नाही. मी फक्त म्हणतो, सोबत सुयाही चालतील. मुलांसाठी आम्ही अगदी बारीक सुया वापरतो, मोजक्या, आणि थोडा वेळ. जपानात ओसाकाच्या बाजूला तर लहान मुलांसाठी न टोचणारी पद्धत रूढ आहे, शोनिशिन. बोथट, छोटी हत्यारं कातडीवरून हलकेच फिरवायची. मूल घाबरत नाही.

आत्या: घाबरण्याचं म्हणत नाही मी. गुण आला हे ठरवणार कोण, ते सांग. मोठा माणूस स्वतःचं सांगतो. मुलाचं आई सांगते. आणि आईला बरं वाटायला हवं असतं. तान्ह्या बाळांच्या पोटशुळाचंच घे. नॉर्वेमध्ये ९० बाळांवर चाचणी झाली, २०१३ मध्ये. बाळाला सुई टोचली की नाही हे आईबापांना कळू दिलं नाही. रडण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

भाचा: २०१७ ची स्वीडनची चाचणी आहे. १४७ बाळं. सुया टोचलेली बाळं कमी रडली.

आत्या: त्या निकालाच्या मांडणीवर काय टीका झाली तेही तू वाचलं आहेस. आणि पोटशूळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप जातो, हे आपल्या घरातल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. आपोआप जाणाऱ्या दुखण्यासाठी तान्ह्या बाळाला सुई टोचायची, तर ती टोचणी कुणासाठी? बाळासाठी की त्याच्या आईच्या जिवासाठी?

हा प्रश्न मला लागला. मुलीचं डोकं दुखतं तेव्हा मी काहीही करायला तयार असते, आणि ‘काहीही’मध्ये तिचा विचार किती आणि माझ्या असहायपणाचा किती, हे त्या क्षणी मला वेगळं करता येत नाही. आईबापांना दिलासा मिळाला की ते शांत होतात, ते शांत झाले की मूलही सावरतं, आणि उपचाराला गुण आला असं सगळ्यांना वाटतं. यात कुणी लबाड नसतं. पण सुई मात्र मुलाच्या अंगात गेलेली असते.

मी धोक्याचं विचारलं. दोघांनी आकडे लपवले नाहीत. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली गेली. ८.६ टक्के लोकांना काहीतरी त्रास झाला, बहुतेक किरकोळ रक्त येणं किंवा काळंनिळं पडणं; फुप्फुसाभोवती हवा साचण्याचे दोन प्रकार झाले. मुलांबद्दल २०११ मध्ये एक आढावा निघाला. जगभरातून छापून आलेले २७९ त्रास त्यात गोळा केले होते. २५३ किरकोळ होते, २५ गंभीर. गंभीरांमध्ये जंतुसंसर्ग होते, हृदयाला इजा झाल्याचा एक प्रकारही होता.

भाचा: त्यातले बरेच अडाणी हाताने टोचल्याचे आहेत. शरीररचना शिकलेला माणूस मुलाच्या छातीवर, पाठीवर खोल टोचत नाही. सुई एकदाच वापरायची, सीलबंद पाकिटातली, पालकांसमोर फोडून. महाराष्ट्रात आता ॲक्युपंक्चरचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. २०१९ मध्ये केंद्रानेही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. नोंदणी क्रमांक मागा, नसेल तर उठून निघून या.

आत्या: क्रमांक जरूर मागावा. पण क्रमांकाने एवढंच कळतं की माणूस शिकलेला आहे. उपचाराला गुण येतो की नाही हे सरकारी आदेशाने ठरत नाही. आणि दर वेळी डॉक्टर कोटणीसांचं नाव घेता ना तुम्ही लोक, त्याचंही मला वाईट वाटतं. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक आहे, आम्ही लहानपणापासून त्या नावावर वाढलो. १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला तो माणूस. चीनमध्ये आघाडीवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करून झिजला. सुया इकडे आणल्या त्या त्यांच्या पथकातल्या बिजॉयकुमार बसूंनी, पुढे कितीतरी वर्षांनी, कोलकात्यात. तुमच्या सभागृहात फोटो लावायचा तर बसूंचाही लावा.

भाचा: दोघांचे आहेत, आत्या.

मुलगी दारात उभी राहून हे ऐकत होती, किती वेळ ते मला कळलं नाही. तिने काकाला विचारलं, दुखेल का? तो म्हणाला, मुंगी चावल्यासारखं, मग थोडं जड वाटेल. तिने पुढचं विचारलं, “आणि मी मधेच नको म्हटलं तर?” तो म्हणाला, त्याच क्षणी काढीन. तिने थोडा विचार केला आणि सांगितलं की तिला नको आहे. सकाळच्या खाण्याचं आणि वहीचं करून बघू, म्हणाली. आमच्यापुरता निर्णय झाला. ‘नाइस’ने २०१२ मध्ये डोकेदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही ठरलेली औषधं लागू पडली नाहीत किंवा चालत नसली तर सुयांच्या दहापर्यंत बैठकांचा विचार करावा असं आहे, आणि ती तत्त्वंच मुळी बारा वर्षांपासून पुढच्यांसाठी आहेत. म्हणजे घाई नव्हतीच. पुढे तिलाच वाटलं तर काकाचा दवाखाना कुठे जात नाही, आणि त्या हातात मी तिला निर्धास्त सोपवीन.

ती खेळायला गेल्यावर सासूबाईंनी मघाचा विषय पुन्हा काढला. त्यांच्या मनातून ती पाटी गेली नव्हती.

आत्या: ती नको म्हणाली. तिला म्हणता आलं. तुझ्या पाटीवर स्वमग्नता लिहिलं आहे. ज्याला बोलता येत नाही ते मूल नको कसं म्हणणार?

भाचा: त्या मुलांना मी बहुधा सुया टोचत नाही. दाबतो, किंवा कानाला बारीक मणी चिकटवतो.

आत्या: कशासाठी? २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात दहा चाचण्या आहेत, ३९० मुलं. स्वमग्नतेसाठी या उपचाराला आधार मिळत नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे.

भाचा: मूल स्वमग्नतेतून बाहेर येईल असं मी कुणालाही सांगितलेलं नाही. झोप सुधारते, असं आया सांगतात.

आत्या: आया काय सांगतात आणि का सांगतात, ते आपण आत्ताच बोललो. तू त्यांच्याकडून दर बैठकीचे पैसे घेतोस. त्या पैशांत वाचाउपचाराचे, ऑक्युपेशनल थेरपीचे किती तास होतील? त्या मुलांचं वय हेच त्यांचं भांडवल आहे. लहानपणीचे महिने एकदा गेले की परत येत नाहीत.

भाचा: तुला वाटतं ते आधी माझ्याकडे येतात? सगळीकडे फिरून येतात, आत्या. थेरपिस्टकडे नंबर लागत नाही. गावाकडून येणाऱ्यांना तालुक्यात कुणी नसतं. मोठ्या रुग्णालयात चार वाक्यांत निदान सांगून बाहेर पाठवलेलं असतं. माझ्याकडे त्या बाईचं पहिल्यांदा कुणीतरी नीट ऐकून घेतं. मी काय करू? दारातून परत पाठवू?

आत्या: परत पाठवू नकोस. ऐकून घे. तुझा हातगुण तुझ्याकडे आहे, तो दे. घरात मुलाशी कसं खेळायचं, झोपेच्या वेळा कशा बसवायच्या, सरकारच्या जिल्हा केंद्रात काय मिळतं, हे सांग. पण उपचार म्हणून काही विकू नकोस.

भाचा: पाटीवरून तो शब्द काढतो. दमा आणि वंध्यत्वही काढतो. पण त्या मुलांना हात लावणं पूर्ण बंद करीन, असं वचन मी आज देणार नाही. मी काहीच केलं नाही तर ती बाई पुढच्या गल्लीत जाईल. तिथे मूल बरं करून देतो म्हणणारा माणूस बसला आहे, आणि तो मुलाला सुया टोचतो.

आत्या: त्याच्याविरुद्ध परिषदेकडे तक्रार कर.

भाचा: करीन. त्यालाही नोंदणी क्रमांक आहे.

यावर दोघांचं जमलं नाही. मी सासूबाईंच्या बाजूची आहे. न बोलणाऱ्या मुलावर, पुरावा नसताना, पैसे घेऊन काही करायचं नाही, ही रेघ माझ्या दृष्टीने पक्की आहे, आणि पुढच्या गल्लीतल्या माणसाच्या भीतीने ती पुसट होऊ नये. पण भाच्याकडे येणाऱ्या त्या आयांना दुसरीकडे पाठवायचं तर ते दुसरं ठिकाण असायला हवं. पुण्यापासून चार तासांवरच्या तालुक्यात ते आज किती ठिकाणी आहे, हे मी त्याला विचारलं. त्याने खिशातून फोन काढला आणि मुलांना पाठवायला विश्वासाची वाटतात अशी जी नावं त्याने जमवली होती, ती एकेक करून सासूबाईंना वाचून दाखवायला लागला. सासूबाईंनी चष्मा लावला, सोलापूरकडच्या आणखी दोघींची नावं सांगितली, आणि त्यांच्यापैकी एकीचा नंबर बदलला असावा म्हणून तिथूनच फोन लावला.